मोंढ्यातली पट्टी आणि सेव्ह केलेले १४० व्हिडिओ

"सर, मी २३ वर्षांची आहे, बी.कॉम. झालंय. लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) मामांचं आडतीचं दुकान आहे, तिथं दोन वर्षं झाली हिशेब बघते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाची बिलं, एक्सेलमध्ये करते, पण खरं सांगायचं तर गुणाकार कॅल्क्युलेटरवर करून उत्तर तिथं टाईप करते. मला एक्सेल नीट शिकायचंय आणि वेब डिझाईनही, म्हणजे पुढं घरबसल्या काही काम मिळालं तर बघता येईल. यूट्यूबवर आतापर्यंत १४० व्हिडिओ सेव्ह केलेत, एकही शेवटपर्यंत बघून झाला नाही. इथले एक क्लासवाले दोन्ही मिळून १८ हजार मागतायत. लॅपटॉप जुना आहे, इंग्रजी कामापुरतं येतं. रात्री बसले की मामा म्हणतात, 'काय करायलीस गं एवढं?' इंटरनेटवर नेमकं कुठं शिकू?"

— मोंढ्यातली भाची

भाची, कॅल्क्युलेटरची गोष्ट तू लाजत लाजत लिहिलीस, पण लाजायचं काही कारण नाही. परभणीला ज्युनियर कॉलेजात मी बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला. या काळात एक्सेल उघडून शेजारी कॅल्क्युलेटर ठेवणारी इतकी माणसं बघितली की मोजदाद सोडून दिली. त्यात चांगले पगारदार हेडक्लार्कही होते. फरक एवढाच, की ते कबूल करत नाहीत.

आता त्या १४० व्हिडिओंकडे येऊ. ते संपत नाहीत याचा अर्थ तू आळशी आहेस असा नाही. ती तुला कधी न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून संपत नाहीत. 'एक्सेल फुल कोर्स, १२ तास' असा व्हिडिओ लावला की चौथ्या मिनिटाला तो माणूस अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीची विक्री दाखवायला लागतो. तुझ्या डोक्यात मात्र सकाळची सोयाबीनची पट्टी असते. त्यामुळं झोप येणारच. तुझी खरी अडचण जागा सापडत नाही ही नाहीच. जागा रग्गड आहेत, त्याही फुकट. तुला हवं ते काम मोंढ्यात ज्या शब्दांत बोलतात, ते शब्द इंटरनेटला कळत नाहीत, घोडं अडलंय ते इथं. एक्सेलमध्ये त्याच कामाला काय म्हणतात हे कळलं, की दहा मिनिटांचा नेमका व्हिडिओ पहिल्याच झटक्यात समोर येतो.

म्हणून आधी काही नावं देतो, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. मालाचं नाव टाकलं की त्या दिवसाचा भाव शेजारी आपोआप यावा, याला 'व्हीलूकअप' म्हणतात, आणि त्याचा नवा, शहाणा भाऊ म्हणजे 'एक्सलूकअप'. एका शेतकऱ्याचा वर्षभराचा माल किती झाला, हे 'समइफ'चं काम. गावानुसार, मालानुसार, महिन्यानुसार अशी आडवीउभी बेरीज एका फटक्यात हवी असेल तर 'पिव्होट टेबल'. खाली दोनशे ओळी उतरलं तरी मथळ्याची ओळ डोळ्यासमोर राहावी, ते 'फ्रीज पेन्स'. मालाचं नाव हातानं न लिहिता यादीतून निवडता यावं, ते 'डेटा व्हॅलिडेशन'. ज्यांची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) परत यायची राहिलीय त्यांच्या ओळी लाल दिसाव्यात, ते 'कंडिशनल फॉरमॅटिंग'. आडत दुकानाचं नव्वद टक्के काम एवढ्यात भागतं, असं मी माझ्या अंदाजानं सांगतो. एका आठवड्यात एकच नाव घे. शोधताना नावापुढं 'मराठी' किंवा 'हिंदी' जोड. बघताना आपलीच पट्टी उघडी ठेव, त्यांची विक्रीची शीट नको.

एक गोष्ट मात्र मीच दाखवतो. व्हिडिओत ती घाईघाईत उरकतात आणि नेमके तिथंच सगळे अडकतात. समज, सी रकान्यात क्विंटल आहेत, डी रकान्यात भाव. सी२ मध्ये (सी रकाना, दुसरी ओळ) १२.४० आणि डी२ मध्ये ४२५०. ई२ मध्ये जाऊन आधी बरोबरचं चिन्ह दे, मग सी२, फुली ऐवजी स्टारचं चिन्ह, मग डी२, आणि एंटर. ५२,७०० आलं पाहिजे. आता त्या घराच्या (सेलच्या) उजव्या खालच्या कोपऱ्यातला बारीक चौकोन धरून खाली ओढ, सगळ्या पट्ट्यांचे गुणाकार झाले. इथंवर कुणीही शिकवतं. पुढं हमाली येते. हमालीचा दर सगळ्यांना एकच, तो तू एच१ मध्ये एकदाच लिहिलास, समज क्विंटलला १२ रुपये. एफ२ मध्ये सी२ गुणिले एच१ केलंस, १४८.८० आले, बरोबर. आणि खाली ओढलंस तर बाकी सगळ्यांची हमाली शून्य!

झालं काय, तर खाली ओढताना एक्सेल प्रत्येक घर एकेक ओळ खाली सरकवतं. सी२ चं सी३ झालं ते हवंच होतं, पण त्याच्याबरोबर एच१ चंही एच२ झालं, आणि एच२ रिकामं आहे. एच१ ला खुंटीला बांधायचं असेल तर सूत्रात त्याच्यावर कर्सर ठेवून कीबोर्डवरचं एफ४ बटण दाब, म्हणजे एचच्या आधी आणि १च्या आधी डॉलरचं चिन्ह येतं. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. आता कितीही ओढ, हमालीचा दर जागचा हलत नाही. दर बदलला तर एकाच घरात बदलायचा, सगळ्या पट्ट्या आपोआप सुधारतात. मात्र हे करताना महिन्याची फाईल वेगळी ठेव, नाहीतर जुन्या महिन्याच्या पट्ट्याही नव्या दरानं बदलून बसतील आणि मामा बोंब मारतील. याला 'ॲब्सोल्यूट रेफरन्स' म्हणतात. हे एक नाव पक्कं केलंस तर त्या १४० पैकी निम्मे व्हिडिओ तुला सोपे वाटायला लागतील.

आता जागा. मराठीतून आणि सबुरीनं शिकवणारं हवं असेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प बघ. साधारण दहा दहा मिनिटांचे धडे आहेत. अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्यावर तू स्वतः करत जायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. पैसे लागत नाहीत. तिथं एक्सेलऐवजी 'लिब्रेऑफिस कॅल्क' शिकवतात, त्याला बिचकू नकोस. कॅल्क हेही फुकट, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मेनू थोडे इकडचे तिकडे आहेत, पण बेरीज, समइफ, व्हीलूकअप यांची सूत्रं तीच, आणि फाईल एक्सेलच्या साच्यात सेव्ह करता येते. तुझ्या लॅपटॉपमधलं एक्सेल कुणीतरी 'क्रॅक' करून टाकून दिलेलं असेल (असतंच, मी विचारत नाही), तर कॅल्क हा त्यावर सरळ उपाय आहे. इंटरनेट बरं असेल तर गुगल शीट्स आहेच. मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं तर ब्राउझरमध्ये चालणारं एक्सेलही फुकट मिळतं.

इंग्रजीला घाबरली नाहीस तर यूट्यूबवर 'एक्सेल इज फन' नावाचं चॅनल आहे, माईक गर्विन या अमेरिकेतल्या एका कॉलेज शिक्षकाचं. बोलतो भराभर, पण त्याच्या व्हिडिओंसोबत सरावाची फाईल उतरवून घेता येते, आणि माझ्या मते निस्तं बघण्यापेक्षा ती फाईल जास्त मोलाची. व्हिडिओचा वेग कमी करून लाव, त्यात कमीपणा नाही.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. नव्या व्हिडिओत सगळे एक्सलूकअप दाखवतात. तुझ्याकडं एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर ते सूत्र टाकल्यावर 'नेम' असं लिहून प्रश्नचिन्ह येईल. तू चुकली नाहीस, तुझ्या आवृत्तीत ते नाहीच. ते एक्सेल २०२१ पासून पुढं आणि वर्गणीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, गुगल शीट्समध्ये २०२२ ला आलं, लिब्रेऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून. जुनं असेल तर व्हीलूकअप शिक, काही बिघडत नाही.

आणि आपल्याकडची तीन दुखणी, जी अमेरिकेतला मास्तर तुला कधीच सांगणार नाही. पहिलं ऱ्हस्व-दीर्घाचं. दुकानात तू 'सोयाबीन' लिहितेस आणि तुझ्या गैरहजेरीत कुणी 'सोयाबिन' लिहितो. एक्सेलच्या लेखी ते दोन वेगळे माल. समइफ लावलं की आवक कमी भरते आणि दिवसभर चूक सापडत नाही. शब्दामागं राहिलेली एक रिकामी जागाही हेच करते. म्हणून वर सांगितलेलं यादीतून निवडण्याचं काम सगळ्यात आधी शिक. दुसरं, भावाच्या किंवा वजनाच्या घरात आकड्याबरोबर 'क्विंटल' किंवा 'रु.' लिहू नकोस. तसं केलंस की आकडा आकडा राहत नाही, अक्षर होतं, आणि बेरजेत धरला जात नाही. एकक मथळ्यात लिही. तिसरं तारखेचं. लॅपटॉपच्या विंडोजमध्ये प्रांत अमेरिका लावलेला असेल तर ३/४ ही तुझी ३ एप्रिल त्याच्यासाठी ४ मार्च होते. १५/४ तर त्याला तारीखच वाटत नाही, ती घराच्या डाव्या कडेला चिकटून बसते. खरी तारीख उजवीकडं सरकते, ही ओळखायची खूण. सेटिंगमध्ये 'रीजन'ला जाऊन इंग्लिश (इंडिया) कर. त्यानं आपल्या लाख-कोटीचे स्वल्पविरामही योग्य जागी येतात.

वेब डिझाईनचं मात्र गणित वेगळं आहे, आणि इथं मी स्वतः हात पोळून घेतलेत. २००४ साली मी एका क्लासला वेब डिझाईन शिकायला पैसे भरले. तीन महिने फ्रंटपेज नावाचं सॉफ्टवेअर शिकवलं. टेबलच्या चौकटीत पान कसं बसवायचं, आणि 'आपले हार्दिक स्वागत आहे' हे डावीकडून उजवीकडं कसं पळवायचं. मला भारी वाटलं होतं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते सॉफ्टवेअरच मोडीत काढलं. माझं पळतं स्वागत कुठं पळालं ते अजून सापडलं नाही.

यातून एक फरक लक्षात घे. एक्सेलचा २०१० चा व्हिडिओ आजही बिनधास्त बघ, समइफ तेच आहे. वेब डिझाईनचा तेवढाच जुना व्हिडिओ दिसला तर पुढं जा. पानाची मांडणी करायला आज जे 'ग्रिड' वापरतात, ते मोठ्या ब्राउझरांमध्ये २०१७ साली आलं. त्याआधीच्या धड्यात ते असणारच नाही. शिकवणारा मांडणीसाठी टेबल वापरत असेल, 'मार्की' किंवा 'फॉन्ट' हे टॅग (पानाच्या कोडमधले सूचनेचे शब्द) शिकवत असेल, तर कितीही गोड बोलला तरी बंद कर. 'फ्लेक्सबॉक्स' (हीही मांडणीचीच पद्धत) आणि 'ग्रिड' हे दोन शब्द अनुक्रमणिकेत दिसले तर बस.

क्रम असा. आधी एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा. मग सीएसएस, म्हणजे त्याचे कपडे. जावास्क्रिप्ट, म्हणजे त्याची हालचाल, सगळ्यात शेवटी बघू. 'फ्रीकोडकॅम्प' या संस्थेचा रिस्पॉन्सिव्ह (मोबाईल-लॅपटॉप दोन्हींवर नीट बसणाऱ्या) वेब डिझाईनचा अभ्यासक्रम फुकट आहे. ब्राउझरमध्येच एकेक ओळ लिहायला लावतात, चुकलं तर पुढं जाऊ देत नाहीत. शिकायला काही बसवावं लागत नाही, व्हिडिओवर भर नसल्यामुळं डेटाही कमी लागतो. एखादा टॅग विसरलीस तर पटकन बघायला 'डब्ल्यू थ्री स्कूल्स' बरं, तिथं तिथल्या तिथं करून बघता येतं. त्याच्या नावावरून लोकांना ते वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेचं वाटतं, पण दोघांचा काही संबंध नाही. शंका असेल तर फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचं 'एमडीएन' हे संकेतस्थळ प्रमाण मान. भाषा जड वाटेल, पण एचटीएमएलचे कामाचे शब्द पन्नासच्या वर नाहीत. बी.कॉम.ला याहून जास्त व्याख्या पाठ केल्या असशील.

कोड लिहायला व्हीएस कोड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि तयार झालेलं पान गिटहब पेजेस या सेवेवरून इंटरनेटवर फुकट चढवता येतं. कुठलंही आवडलेलं पान क्रोममध्ये उघड, एफ१२ दाब, आणि त्यांनी ते कसं बांधलंय ते आतून बघ. इतकी उघडी कार्यशाळा आपल्या सुताराकडंही मिळत नाही.

मराठी पान करताना अक्षरं नीट उमटावीत म्हणून कोडच्या 'हेड' भागात कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिहायला विसरू नकोस, आणि भाषा 'एमआर' अशी दे. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते तिथं यामुळं 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. दुकानातला जुना मजकूर शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर तो वेबवर तसाच चिकटवू नकोस, नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी उमटेल. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारख्या दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो.

तू विचारलं नाहीस, पण पुढं विचारशीलच: मामांच्या दुकानाची वेबसाइट करू का? मामांना तिची गरज आहे असं मला वाटत नाही. त्यांचा शेतकरी नकाशावर दुकान शोधतो आणि व्हॉट्सॲपवर भाव विचारतो. गुगल मॅपवर दुकानाची नोंद आणि फोन नंबर बरोबर असला की त्यांचं काम झालं. पण तुला ती करायला मिळाली तर चांगलंच, कारण दुसऱ्याचं खोटं दुकान सजवण्यापेक्षा ओळखीचं दुकान सजवताना हात लवकर बसतो. म्हणजे मामाही कामापुरता नाही, शिकण्यापुरता!

त्यात तुझे दोन्ही विषय एकत्र येतात. गुगल शीटमध्ये फक्त तारीख, माल आणि भाव एवढी एक शीट कर. फाईल, शेअर, पब्लिश टू वेब असं गेलीस की ती पानात बसवायचा कोड मिळतो. मग सकाळी मोंढ्यात सौदे झाले की तू शीटमध्ये तीन आकडे बदलायचे, थोड्या वेळानं ते पानावर दिसतात. मात्र ही फाईल पूर्ण वेगळी हवी. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, खाते नंबर, कुणाची किती उचल आहे, यातलं काहीही तिच्यात नको, लपवलेल्या रकान्यातही नको.

चॅटजीपीटीसारख्याला विचारलं तर चालेल का? चालेल, सूत्र लिहून घ्यायला तो कामाचा आहे. मराठीतच विचार, पण रकान्यांची नावं देऊन: 'सी मध्ये क्विंटल, डी मध्ये भाव, मला अमुक हवं.' मिळालेलं सूत्र तीन पट्ट्यांवर लाव आणि त्या तीन तुझ्या कॅल्क्युलेटरवर तपास. बघ, कॅल्क्युलेटर अगदीच वाया गेला नाही. खरी नावं-नंबर मात्र तिथंही चिकटवायचे नाहीत.

राहिले ते १८ हजार. क्लास वाईटच असतो असं मी म्हणणार नाही, माझंही पोट शिकवण्यावरच भरलं. पण पैसे भरायच्या आधी तिथं जाऊन एक तास फुकट बसू दे म्हण. नको म्हणाले तर उठून ये. बसू दिलं तर दोन गोष्टी बघ: मुलं स्वतः टाईप करतात की मास्तरचा पडदा बघतात, आणि वेब डिझाईनच्या यादीत वर सांगितलेले ते दोन शब्द आहेत का. तुझी पट्टी घेऊन जा आणि 'यात हमालीचा दर बांधून दाखवा' म्हण. मास्तरनं एफ४ दाबलं तर माणूस बरा आहे.

सर्टिफिकेटचं वेगळं. सरकारी भरतीचा अर्ज करायचा विचार असेल तर एमकेसीएलचं एमएस-सीआयटी करून ठेव, बऱ्याच जाहिरातींत ते किंवा त्याच्या तोडीचं मागतात. फ्रीकोडकॅम्पचं प्रमाणपत्र तिथं कुणी विचारणार नाही. खासगी कामाला उलट आहे. तिथं तुझं चढवलेलं पान उघडून बघतात, कागद नाही.

वेळेचं म्हणशील तर सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास यायला लागेल, तेव्हा तुला मान वर करायला फुरसत नसेल. आत्ता पेरण्या चालू आहेत, मोंढा थंड आहे. तोवर निस्तं एक्सेल. रोज रात्री पाऊण तास, त्याच दिवसाच्या दोन पट्ट्या. वेब डिझाईनला हात दिवाळी झाल्यावर, आवक उतरली की लाव. दोन्ही एकदम सुरू केलंस तर १४० चे २८० होतील. आणि ते १४० आज पुसून टाक, लागतील ते पुन्हा सापडतात, आता तुझ्याकडं नावं आहेत.

ता. क. लाईट जाते म्हणून गुगल शीट्स टाळू नकोस. क्रोममध्ये लाईट असतानाच ऑफलाईन चालू करून ठेव, नेट गेलं तरी फाईल उघडते आणि नेट आलं की आपोआप जुळवून घेते. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर मात्र त्याला माझ्याकडं सूत्र नाही, ती बदलूनच घ्यावी लागेल. ती १८ हजारांहून स्वस्त पडते.